पडद्यावरचे ऊन

२०२० साली शाळांची दारे बंद झाली आणि संगणकावरून पाठ देण्याची पाळी आम्हां शिक्षकांवर आली. गोव्यातील काही गावांची मुले मोबाइलच्या लहरी मिळाव्यात म्हणून त्या दिवसांत डोंगरावर जाऊन बसत. पेडणे तालुक्यातील माझी एक विद्यार्थिनीही घरामागच्या टेकडीवर लॅपटॉप घेऊन बसे. एके दिवशी ती म्हणाली, “टीचर, पडद्यावर माझेच तोंड दिसते, तुमचे अक्षर दिसत नाही.” पडद्याचा उजेड वाढव, असे मी तिला सांगितले. तो सल्ला किती अपुरा होता, हे मला मागाहून उमगले.

डिचोली तालुक्यातील मये येथील तळे आपणांपैकी पुष्कळांनी पाहिले असेल. वारा पडलेला असला म्हणजे काठावरची झाडे पाण्यात जशीच्या तशी उमटतात. झुळूक आली की प्रतिबिंब मोडते आणि पाण्यावर नुसता उजेड पसरतो. लॅपटॉपचा चकचकीत पडदा म्हणजे ते निश्चल पाणी. मॅट, म्हणजे किंचित खरबरीत केलेला पडदा, हे शहारलेले पाणी. मॅट पडद्यावर तोंड दिसत नाही हे खरे. परंतु तो उजेड गिळीत नाही, केवळ विखुरतो. म्हणून उन्हात त्यावरची काळी अक्षरे करडी, फिकट भासतात.

साधी काच समोरून आलेल्या उजेडाचा सुमारे ४ टक्के भाग परत फेकते. हा भाग क्षुल्लक वाटेल. परंतु सामान्य लॅपटॉपचा पडदा सुमारे ३०० निट इतका उजळ असतो, तर भर दुपारच्या उन्हात पांढरा सदरा २० हजार निटांहूनही अधिक उजळ असू शकतो. त्याचे ४ टक्के काढले तरी ८०० होतात! आपल्याच सदऱ्याचे प्रतिबिंब अक्षरांवर मात करते, ते असे. अशा वेळी उजेडाची कळ दाबून कितीसा लाभ होणार?

मग घ्यावे काय? ज्याला उघड्या ओसरीवर किंवा अनेक खिडक्यांच्या वर्गात काम करावयाचे आहे, त्याला मॅट पडदा सोयीचा. मंद उजेडाच्या खोलीत चित्रे पाहणाऱ्यास चकचकीत पडद्यावरील रंग अधिक खुललेले दिसतील. काही पडद्यांवर चष्म्याच्या भिंगांवर असतो तसा प्रतिबिंब कमी करणारा लेप असतो. तो मॅटपणाहून निराळा गुण आहे. खरेदीच्या वेळी त्याची वेगळी चौकशी करावी. थेट उन्हात मात्र कोणताही साधा पडदा हार खातो.

आपल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांची पातळ तावदाने बसवीत. ऊन घरात येई, पण मऊ होऊन. उजेडाचा बंदोबस्त तो पडद्यावर पोहोचण्यापूर्वीच करावा, हाच त्यातला धडा. खिडकी पाठीशी नको, डोळ्यांसमोरही नको. ती बाजूला असावी. पाठीमागे गडद भिंत असावी आणि अंगात गडद कपडा.

माझ्या त्या विद्यार्थिनीला हे कोणी शिकवले नव्हते. दुसऱ्या दिवशी ती दाट फणसाखाली, बुंध्याला पाठ टेकून, काळी ओढणी पांघरून बसली आणि फळ्यावरचे संपूर्ण गणित तिने अचूक वाचून दाखविले. त्या दिवशीचा पाठ खरे म्हणजे तिने मला दिला.