तम आणि उद्योत : उत्तरेच्या प्रकाशयात्रेला निघताना

तत्त्वार्थसूत्राच्या पाचव्या अध्यायात आचार्य उमास्वातींनी पुद्गलाची रूपे सांगताना अंधार आणि प्रकाश यांना एकाच मालिकेत बसवले आहे. अंधार म्हणजे केवळ प्रकाशाचा अभाव नव्हे, तोही पुद्गलाचाच एक पर्याय आहे, अशी जैन दर्शनाची भूमिका आहे. प्रकाशाचेही तेथे दोन प्रकार येतात. सूर्याचा उष्ण प्रकाश तो आतप, आणि चंद्राचा वा काजव्याचा शीतल प्रकाश तो उद्योत. आइसलँडमध्ये सायंकाळी निघणाऱ्या एका सहलीत हे तम आणि हा उद्योत एकाच रात्री भेटतात. आधी लाव्हारसाच्या गुहेत उतरायचे आणि मग उघड्या माळावर उभे राहून उत्तर ध्रुवीय प्रकाशाची वाट पाहायची, असा हा कार्यक्रम असतो. पुण्यातील अनेक जैन कुटुंबे आता अशा यात्रांचा विचार करू लागली आहेत. सूर्यास्तानंतरच सुरू होणाऱ्या या सहलीत चौविहाराचे काय करायचे, हा त्यांच्या घरात हमखास निघणारा प्रश्न आहे.

आधी गुहेविषयी. पातळ लाव्हारस उतारावरून वाहू लागला की वरचा थर हवेने थंड होऊन कडक होतो, आतला रस मात्र वाहतच राहतो. उगमाकडून येणारा पुरवठा थांबला की आतला रस निघून जातो आणि मागे दगडी नळी उरते. राजधानी रेक्याविकपासून मोटारीने सुमारे अर्ध्या तासावर असलेली राउफरहोल्सहेल्लिर ही अशीच गुहा आहे. तिची लांबी सुमारे १३६० मीटर असून सुमारे ५२०० वर्षांपूर्वीच्या उद्रेकात ती घडली. वाटाड्या थोडा वेळ सर्व दिवे मालवायला सांगतो, तेव्हा डोळ्यांसमोर धरलेला स्वतःचा हातही दिसत नाही. सामायिकाची सवय असलेल्या श्रावकाला ती काही मिनिटे कायोत्सर्गासारखी वाटतील.

पुणेकरांना हा दगड परका नाही. आपला सह्याद्रीही लाव्हारसाचाच आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थरांवर थर साचून दख्खनचे पठार बनले. त्याचा आजचा विस्तार सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर आहे. फरक इतकाच, की आइसलँडची गुहा निसर्गाने पोकळ केली आणि आपली लेणी माणसाने छिन्नीने कोरली. मावळात कामशेतजवळच्या पाले येथील लेण्यात एक ब्राह्मी शिलालेख आहे. तो अरिहंतांना वंदन करून सुरू होतो आणि भदंत इंद्ररक्षित यांनी लेणे व पोढी, म्हणजे पाण्याचे टाके, करविल्याची नोंद देतो. डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. शोभना गोखले यांनी तो अभ्यासकांपुढे आणला. तो सुमारे २००० वर्षांपूर्वीचा मानला जातो. अलीकडच्या वर्षांत लोहगडाच्या परिसरातही तशाच धर्तीचा लेख आढळला आहे. मुलांना लाव्हारसाची गुहा दाखवायला परदेशी नेण्याआधी एका रविवारी पाल्याला न्यावे. णमोकार मंत्रातील पहिले वंदन याच काळ्या पाषाणावर इतक्या पूर्वी कोरले गेले, हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल.

आता प्रकाशाविषयी. सूर्यावरून निघालेले विद्युतभारित कण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या वाटेने ध्रुवांजवळ वातावरणात शिरतात आणि तेथील वायूंच्या अणूंना उद्दीपित करतात. सुमारे १०० ते १५० किलोमीटर उंचीवरील ऑक्सिजन हिरवा प्रकाश देतो, त्याहून बराच वर तोच वायू लाल दिसतो, तर निळ्या-जांभळ्या छटा नायट्रोजनच्या असतात. या प्रकाशाला ऊब नाही. उद्योत या शब्दाला इतके साजेसे दृश्य क्वचितच सापडेल.

या प्रकाशाने कधीकाळी महाराष्ट्रालाही दर्शन दिले आहे. रविवार, ४ फेब्रुवारी १८७२ च्या रात्री मोठे सौर वादळ आले आणि हा प्रकाश चक्क मुंबईतून दिसला. टाइम्स ऑफ इंडियाने त्याची बातमी छापली होती. त्याआधी सप्टेंबर १८५९ मधील महावादळाची नोंद कुलाब्याच्या वेधशाळेतील चुंबकीय उपकरणांनी टिपली आणि आजही जगभरचे शास्त्रज्ञ तिचा आधार घेतात. पुढे विजेच्या ट्रामगाड्यांचा अडथळा टाळण्यासाठी हे काम अलिबागला हलवण्यात आले. अगदी अलीकडे, मे २०२४ मध्ये, लडाखमधील हानले येथून आकाशात लाल आभा टिपली गेली.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ‘एक दिवसाने काय होते’ असे म्हणून व्रत सैल करण्यापेक्षा पंचांग आणि नकाशा शेजारी ठेवून प्रवासाचा काळ निवडणे श्रेयस्कर. डिसेंबरच्या उत्तरार्धात रेक्याविकला सूर्य सकाळी ११ नंतर उगवतो आणि दुपारी साडेतीनच्या सुमारास मावळतो. नवकारसी आणि चौविहार दोन्ही पाळणाऱ्याला तेव्हा जेमतेम साडेतीन तास मिळतात. उन्हाळ्यात रात्रच उजळ असल्याने हा प्रकाश दिसत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबर हा काळ अनुकूल आहे, परंतु तो चातुर्मासात येतो. उरतो मार्च. दिवस-रात्र समान होण्याच्या सुमारास चुंबकीय वादळांची शक्यता थोडी वाढते, आणि तेव्हा तेथे सूर्यास्त साडेसातच्या पुढे होतो. म्हणजे सातपर्यंत भोजन आटोपून गुहेकडे निघावे आणि नऊ-साडेनऊनंतर अंधार दाटला की आकाशाकडे वळावे. त्यातही अमावास्येजवळचे दिवस निवडले तर मंद प्रकाशही नीट दिसतो. चैत्रातील आयंबिल ओळी आणि महावीर जयंती यांच्या तिथी मात्र आधी पाहून घ्याव्यात.

शिदोरी घरूनच न्यावी. खाकरे, कोरडे ठेपले, मेतकूट आणि भाजलेले मखाणे दहा दिवस टिकतात. तिकडच्या जेवणात बटाटा सर्वत्र असतो, भाजलेल्या पदार्थांत अंडे आणि गोड पदार्थांत जिलेटिन असू शकते, म्हणून घटक वाचल्याशिवाय काही घेऊ नये. सहलीत रात्री गरम चॉकलेट दिले जाते. ते नम्रपणे नाकारावे. उकळलेल्या पाण्यासाठी खोलीतील विजेची किटली पुरते.

ज्येष्ठांना नेताना गुहेची वाट खडबडीत व निसरडी असते, हे ध्यानात ठेवावे. आणखी एक अपेक्षा अशी, की प्रकाशाची हमी कोणी देत नाही. ढग असले तर काहीच दिसत नाही, आणि दिसला तरी छायाचित्रांतला भडक हिरवा रंग डोळ्यांना पुष्कळदा राखाडी-हिरवट भासतो. हे मुलांना आधीच सांगावे. दिग्व्रत घेतलेल्यांनी आपली मर्यादा कोठवर आहे, तेही तपासावे.

शेवटी अहिंसेविषयी. पृथ्वीकायाचा आणि वनस्पतीकायाचा विचार आपण स्थानकात ऐकतो. त्याची कसोटी तेथे लागते. लाव्हारसावर चढलेले शेवाळ एका पावलाने उखडले तर ते पुन्हा वाढायला अनेक दशके लागतात. गुहेच्या छतावरून लोंबणारे दगडी थेंब पर्यटकांनी आठवण म्हणून तोडल्यामुळे कित्येक गुहा उजाड झाल्या, आणि आता कायद्याने त्यांना संरक्षण दिले आहे. ज्या धर्माने दगडालाही जीव मानला, त्याच्या अनुयायांना या कायद्याची गरज पडू नये. तेथून परतताना खिशात एकही खडा नसावा, आणि चौविहाराचा एकही दिवस चुकलेला नसावा.