जगाची शर्यत, धुळ्याची वाट

• सुरुवात : लंडन-सिडनी मॅरेथॉन. २४ नोव्हेंबर १९६८ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसहून ९८ गाड्या सुटल्या.

• खानदेशची वाट : दिल्ली ते मुंबई हा टप्पा इंदूरमार्गे. म्हणजे मुंबई-आग्रा रस्ता : बिजासन घाटाची उतरण, शिरपूर, तापीचा पूल, धुळे.

• मुंबईत : रॉजर क्लार्कची लोटस कॉर्टिना आघाडीवर. उरलेल्या गाड्या ‘चुसान’ बोटीवर चढल्या आणि ऑस्ट्रेलियात फ्रीमँटलला उतरल्या.

• निकाल : सिडनीपर्यंत ५६ गाड्या पोहोचल्या. जिंकली अँड्र्यू कोवन यांची हिलमन हंटर, एरवी घरगुती वापराची १७२५ सीसीची गाडी.

• आवाहन : घरातल्या वडीलधाऱ्यांना त्या गाड्या आठवत असतील, तर ती आठवण आजच लिहून ठेवा. फोटो असेल तर जिवापाड जपा.