उरलेल्या वर्गाचं काय?

नव्वदच्या दशकात दहावीचा निकाल हा डोंबिवलीत सोसायटीचा सामुदायिक सोहळा असे. बोर्डाच्या गुणवत्ता यादीत गावातलं कुणी आलंय का, हे आधी बघायचं. मग क्लासवाल्यांचे फलक झळकायचे, पेढे फिरायचे. यादीत एखादाच, वर्गातल्या उरलेल्यांनी त्याच्याकडे बघून सुधारायचं, एवढीच त्यांची भूमिका.

या उरलेल्यांचा विचार ठाण्यात त्याच दशकाच्या सुरुवातीला सुरू झाला होता. १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांनी आयपीएच ही मनआरोग्याची संस्था काढली आणि पुढच्याच वर्षी ‘वेध’ सुरू केला. म्हणायला ही व्यवसाय मार्गदर्शन परिषद. पण मंचावर आडवाटेने गेलेली माणसं, त्यांच्या दिलखुलास मुलाखती आणि समोर मुलांपेक्षा जास्त टिपणं घेणारे पालक! वेध पुढे कल्याणसह महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत पोचला.

नाडकर्णींच्या मांडणीमागे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस आहे. त्याचं विवेकनिष्ठ मानसोपचाराचं शास्त्र मराठीत रुजवलं ते कि. मो. फडके यांनी. एलिसचं म्हणणं आपल्या घरातल्या भाषेत सांगायचं तर, वागण्याला मार्क द्या, माणसाला देऊ नका. गणितात पस्तीस पडले, हे खरं. म्हणून पोरगं पस्तीस मार्कांचं, हे कुठून आलं?

शाळा हळूहळू बदलल्या. वाचन-लेखनात अडखळणाऱ्या मुलांना महाराष्ट्रात १९९६ पासून परीक्षेत सवलती मिळू लागल्या. २००७ मध्ये ‘तारे जमीन पर’ आला आणि डिस्लेक्सिया हा शब्द घरोघरी झाला. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले. त्यांत अध्ययन अक्षमताही आली. तरी सवलतीसाठी खटपट करून मिळवलेलं प्रमाणपत्र मामा-काकांना कळू नये म्हणून धडपडणारी घरं आजही आहेत. शाळेने स्वीकारलं, घर मात्र अजून ‘लोक काय म्हणतील’पाशीच.

याच २०१६ च्या जूनमध्ये ठाण्याच्या तीन हात नाक्यावर पुलाखाली सिग्नल शाळा भरली. समर्थ भारत व्यासपीठ आणि ठाणे महापालिकेचा हा उपक्रम. मराठवाड्यातल्या दुष्काळातून आलेली पारधी कुटुंबं, सिग्नलला गजरे नि खेळणी विकणारी त्यांची मुलं आणि वर्ग कंटेनरचे. मुलं आली की आधी आंघोळ, मग गणवेश, मग पाटी. आधी सुधारा आणि मग शाळेत या, असं इथे कुणी म्हटलं नाही. शाळाच उठून त्यांच्या फुटपाथपर्यंत गेली. या सगळ्या काळातलं मला सर्वांत पटलेलं काम हेच. वर्गात वेगळेपणावर तास घेण्यापेक्षा असा शेजार जास्त शिकवतो. २०१९ मध्ये इथली पहिली मुलं दहावी झाली.

एक गोष्ट मात्र खटकते. वेगळी वाट धरा, असं मुलांना सांगता सांगता आपण वेगळेपणाचीही शर्यत लावली. आता नुसती चित्रं काढून भागत नाही, प्रदर्शन भरवावं लागतं. ट्रेकला गेलं की प्रमाणपत्र, तबला धरला की लगेच परीक्षा. तेव्हा वेधवाल्यांना एक सुचवावंसं वाटतं: कधीतरी अभ्यासात मधला, खेळात बेताचा, संध्याकाळी सोसायटीच्या कट्ट्यावर मजेत बसणारा एखादा मुलगा मंचावर बोलवा. त्याची मुलाखत ऐकायला मी पहिल्या रांगेचं तिकीट काढीन.