कारवी सात वर्षांची की आठ?

झेंडूचे बी पेरले की दोन-अडीच महिन्यांत फुले येतात. झेंडू वर्षायू आहे. फुलणे, बी धरणे हे सारे त्याला एका हंगामात उरकायचे असते. बहुवर्षायू वनस्पतींचे तसे नाही. त्यांपैकी अनेकांची रोपे पहिली काही वर्षे नुसती वाढतात. या काळाला वनस्पतीची बाल्यावस्था म्हणतात. या अवस्थेत कितीही खतपाणी घातले तरी फूल येत नाही.

सह्याद्रीतील कारवीचेच पाहा. ती सात वर्षांनी फुलते, असे आपण ऐकतो. परंतु मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात ती २००८, २०१६ आणि २०२४ साली फुलली. हे अंतर तर आठ वर्षांचे! मग सात खरे की आठ?

दोन्ही खरे. २०१६ च्या पावसाळ्यात फुले आली. पुढे बोंडे धरली व वाळली, पण बी आतच राहिले. २०१७ च्या पावसात बोंडे भिजून तडतड फुटली आणि बी रुजले. तेथून सात वर्षे मोजा. २०२४ साल येते! म्हणजे फुलताना रोपाचे वय सात, पण दोन बहरांतील अंतर आठ. असे एकदाच फुलून कारवी मरते.

रोपाला आपले वय कसे कळते? कोवळ्या रोपात ‘मायक्रो-आरएनए १५६’ नावाचा रेणू भरपूर असतो. फुलण्यास मदत करणाऱ्या काही प्रथिनांना तो अटकाव करतो. वाढत्या वयाबरोबर त्याचे प्रमाण घटते व अटकाव सुटतो. मोहरीच्या कुळातील ॲराबिडॉप्सिस या लहानशा वनस्पतीत हे २००९ साली दिसून आले; पुढे काही वृक्षांतही तसेच आढळले.

आता आंब्याचे कोडे सुटते. कोयीच्या झाडाला मोहर यायला सहा-सात वर्षे, कधी अधिकही लागतात. कलम मात्र लवकर मोहरते. कारण कलमाची काडी फळत्या झाडाची असते. तिची बाल्यावस्था आधीच सरलेली असते.

कारवीच्या काठ्या कुडाच्या भिंतींसाठी तोडतात. मात्र फुललेली कारवी बी पडण्यापूर्वी तोडली, तर तेथील पुढची पिढीच रुजत नाही. २०२५ च्या पावसात रुजलेली रोपे २०३२ साली फुलतील. तेव्हा तुमचे वय किती असेल, मांडून पाहा!