‘मैं रोटी खाया’ : चूक की घरचं व्याकरण?

आमच्या सातवीच्या वर्गातला एक मुलगा उर्दूच्या तासाला तोंडच उघडायचा नाही. मधल्या सुट्टीत मात्र अखंड बडबड. कारण आम्हीच होतो. एकदा तो म्हणाला, ‘‘सर, मैं रोटी खाया.’’ आम्ही लगेच दुरुस्त केलं, ‘‘मैंने रोटी खाई बोल!’’ वर्ग हसला. तेव्हापासून तो गप्प.

पुढे विचार केला तेव्हा कळलं की तो नियमानेच बोलत होता, फक्त नियम दुसरा होता. प्रमाण उर्दूत ‘ने’ लागतो आणि क्रियापद रोटीच्या मागे जातं, म्हणून ‘खाई’. आपल्या घरच्या दखनीत ‘ने’ लागत नाही, क्रियापद बोलणाऱ्याच्या मागे जातं. भाऊ ‘मैं रोटी खाया’ म्हणतो, बहीण ‘मैं खाना खाई’. कन्नड-तेलुगूतही असा ‘ने’ नाही, आणि दखनी त्यांच्याच शेजारात वाढली. सोलापूर-लातूरकडे मराठी माणूसही ‘मी काम केलो’ म्हणतोच की! (कोकणातल्या आपल्या लोकांचं वेगळं, त्यांच्या घरात कोकणी.)

मराठीकडून तर आपण भरपूर घेतलंय. ‘मैंच जाता’, ‘वोइच बोला’ यातला ‘च’ सरळ मीच, तोच मधला. ‘नक्को’ म्हणजे आपला नको. ‘आता बोलके बोला’ हे उर्दूच्या मास्तरला खटकतं, पण मराठीत ‘येतो म्हणून म्हणाला’ कुणाला खटकत नाही.

‘लोगाँ’, ‘बाताँ’, ‘औरताँ’ ही अनेकवचनं तर जुनी आहेत. बहामनी राज्य 1347 मध्ये उभं राहिलं, त्यानंतर विजापूर-गोवळकोंड्याच्या दरबारांत दखनीत शायरी झाली. हैदराबाद वसवणारा सुलतान मुहम्मद कुली कुतुबशाह याच भाषेचा शायर, आणि त्या काळच्या दखनीत हे ‘आँ’ जागोजागी सापडतात. आज आपणच पाहुण्यांसमोर मुलांना दटावतो, ‘‘नीट बोल, गावठी बोलू नको.’’

पेपरात ‘ने’ लिहावाच लागेल, नाहीतर मार्क जातात. त्याला इलाज नाही. म्हणून आता आम्ही फळ्यावर दोन रकाने करतो, ‘घरात’ आणि ‘पेपरात’. मुलं घरची वाक्यं आणतात, मग ती पेपराच्या भाषेत बदलायची. अम्मी-अब्बांना एवढंच सांगणं की मूल बोलत असताना मध्येच तोडू नका. बोलणं पूर्ण होऊ द्या, अभ्यासाला बसल्यावर ‘ने’ शिकवा.

त्या मुलाने परवा हात वर केला. ‘‘सर, मराठीत ‘त्याने भाकरी खाल्ली’ म्हणतात, मग ‘मी खाल्ली’मध्ये ‘ने’ कुठं गेला?’’

सवाल बरोबर होता. जुन्या मराठीत त्यासाठी ‘म्यां’ होतं, पुढे ते ‘मी’तच मिसळलं. ऐकून तो म्हणाला, ‘‘हमारे बाजू की आजी बोलते ना सर, म्या केलं!’’