दवंडी पिटत होतं कोण?
कोलोरॅडोतल्या ब्रूमफिल्डमध्ये सन मायक्रोसिस्टिम्सचा एक सर्व्हर रडतखडत चालत होता. दहा प्रोसेसर, ३२ गिगाबाइट मेमरी आणि सन-रे टर्मिनलांवर बसलेले सुमारे १७० जण. एवढ्या यंत्राला धाप लागायचं कारण नव्हतं.

आकड्यांत एकच गोष्ट खटकत होती, ती म्हणजे भरमसाट ‘क्रॉस-कॉल’. एका प्रोसेसरने मेमरीचा तुकडा मोकळा केला, की ‘जुना पत्ता विसरा’ अशी दवंडी त्याला इतर प्रोसेसरांपुढे पिटावी लागते आणि ते हातातलं काम सोडून ती ऐकतात. प्रोसेसर वाढवले तर ऐकणारेही वाढणार. म्हणजे ‘आणखी प्रोसेसर बसवा’ हा नेहमीचा उतारा इथे अंगाशीच आला असता.

सनच्या सोलारिस या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये तेव्हा डीट्रेस हे तपासाचं साधन नुकतंच आलं होतं. ब्रायन कँट्रिल, माइक शपिरो आणि ॲडम लेव्हेंथल या तिघांचं हे काम. चालतं यंत्र न थांबवता तीस हजारांहून जास्त ठिकाणी त्यात डोकावता येई. डोकावत नसाल तेव्हा भार शून्य. (कँट्रिलला याची निकड पटली ती १९९७मध्ये. ६४ प्रोसेसरांचं नवंकोरं यंत्र चाचणीत मधूनच मिनिटंच्या मिनिटं भलत्याच कामात गुंतायचं. सगळे कर्नलवर, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यावर, संशय घेऊन रात्रंदिवस खपले आणि निघालं काय, तर एक यंत्र चुकून राउटरचं काम करत होतं!)

ब्रूमफिल्डमध्ये डीट्रेसने काढलेला माग आधी पडद्यावर चित्रं काढणाऱ्या एक्स सर्व्हरपाशी पोचला. तोच सारखी मेमरी घेत होता, सोडत होता. बहुतेकांनी इथेच त्याला दोषी ठरवलं असतं. पण तो तर सांगकाम्या. सांगत होतं कोण? आणखी मागे गेल्यावर सापडली नोम डेस्कटॉपवरची शेअर बाजाराचे भाव सरकवणारी इवलीशी पट्टी. त्या पट्ट्या थांबवताच क्रॉस-कॉल धाडकन उतरले.

सोलारिस खुलं करताना सनने २५ जानेवारी २००५ला पहिला सोर्स कोड दिला तो डीट्रेसचाच. बाकीचा बराचसा जूनमध्ये आला. माझ्या मते सनचा तो सर्वांत शहाणा निर्णय. २०१०मध्ये सन ओरॅकलच्या ताब्यात गेली आणि ओपनसोलारिस ही सोलारिसची खुली आवृत्ती बंद पडली. तोवर डीट्रेस मॅक आणि फ्रीबीएसडीत जाऊन बसलं होतं.