शाल-श्रीफळानंतरचा डॉक्टर

२५ मार्च २०२० रोजी, देशव्यापी टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, केंद्र सरकारने डॉक्टरांना एक आवाहन केले. सरकारी सेवेतून, सैन्याच्या वैद्यकीय दलांतून वा सार्वजनिक उपक्रमांतून निवृत्त झालेल्यांनी, तसेच खासगी व्यावसायिकांनीही, करोनाच्या कामासाठी स्वेच्छेने नावे नोंदवावीत, असे ते आवाहन होते. पुढील वर्षी मे महिन्यात, दुसरी लाट ऐन भरात असताना, २०१७ ते २०२१ या काळात सैन्यसेवेतून बाहेर पडलेल्या ४०० वैद्यकीय अधिकाऱ्यांना कंत्राटावर पुन्हा बोलावण्यास संरक्षण मंत्रालयाने मान्यता दिली. संकट ओढवताच जाणत्यांची आठवण व्हावी हे स्वाभाविकच होय. परंतु ज्या रोगाचा सर्वाधिक धोका साठी उलटलेल्यांना, त्याच रोगाशी झुंजण्यासाठी साठी उलटलेल्यांना हाक घालावी लागली, हा त्यातील दैवदुर्विलास. संकट नसताना, शांततेच्या काळात, या मंडळींची विचारपूस करणारी कोणतीही नीट घडी देशापाशी नव्हती.

डॉक्टर निवृत्त होतो म्हणजे नेमके काय होते? सरकारी नोकरीतला असेल तर महिनाअखेरीस निरोपसमारंभ होतो. खासगी व्यवसायातला असेल तर दवाखान्याची संध्याकाळची वेळ आधी बंद होते, मग सकाळची, आणि एके दिवशी पाटी उतरते. त्यानंतर १ जुलैला, डॉ. बिधानचंद्र रॉय यांच्या स्मरणार्थ पाळल्या जाणाऱ्या डॉक्टरदिनी, संघटनेच्या सभागृहात ज्येष्ठांचा सत्कार, वर्षातून एखादी सहल, जुन्या वर्गमित्रांचा मेळावा, मधुमेहावर एखादे व्याख्यान. यांत गैर काही नाही. एकाकीपणा डॉक्टरलाही सुटत नाही, आणि चार समवयस्कांत बसून जुन्या वॉर्डातल्या गोष्टी काढण्याचा आनंद कमी लेखण्याचे कारण नाही. तथापि, ज्येष्ठ सभासदांसाठीचे उपक्रम इथेच संपत असतील, तर चाळीस वर्षे रुग्ण तपासून मुरलेली नजर समाजाने शालीत गुंडाळून फडताळात ठेवली, असेच म्हणावे लागेल.

याहून निराळी वाट कशी असू शकते, याचे एक उदाहरण अमेरिकेत घडले. साउथ कॅरोलायना राज्यात हिल्टन हेड नावाचे बेट आहे. गोल्फची मैदाने, समुद्रकिनारा आणि सधन निवृत्तांची वस्ती यांसाठी ते प्रसिद्ध. औषधउद्योगात वरिष्ठ पदांवर काम केलेले डॉ. जॅक मकॉनेल १९८९ मध्ये निवृत्त होऊन तेथे राहावयास आले. रस्त्याने पायी जाणाऱ्या मजुरांना, हॉटेलांतील नोकरांना ते आपल्या मोटारीत घेत आणि बोलता बोलता तब्येतीची चौकशी करीत. बेटावर राबणाऱ्या या माणसांना डॉक्टरच नाही, हे त्यांच्या ध्यानी आले. त्यांच्या हिशेबाने तेथील दर तिघांत एकाची ही अवस्था होती. आणि त्याच बेटावर निवृत्त डॉक्टर, परिचारिका व दंतवैद्य डझनांनी स्वस्थ बसून होते! मकॉनेल यांचे वडील धर्मोपदेशक. रात्रीच्या जेवणाला बसल्यावर आज दुसऱ्यासाठी काय केले, हे ते प्रत्येक मुलाला विचारीत. निवृत्तीनंतर तोच प्रश्न मुलापुढे पुन्हा उभा राहिला.

पुढची हकीगत अधिक बोधप्रद आहे. निवृत्तांची तयारी होती. अडचण निघाली ती कायद्याची. बहुतेकांचे परवाने अन्य राज्यांतले. साउथ कॅरोलायनाचा परवाना हवा तर त्यांना पुन्हा परीक्षेस बसावे लागले असते, आणि सत्तरीच्या माणसाने विनामूल्य सेवेसाठी विद्यार्थिदशेत परतावे ही अपेक्षाच अव्यवहार्य. दुसरी भीती, उपचारांतील चुकीबद्दल कोणी दावा लावला तर आयुष्यभराची पुंजी जाण्याची. मकॉनेल यांनी राज्याच्या विधिमंडळाचे दार ठोठावले. विनामूल्य सेवा करू इच्छिणाऱ्या निवृत्तांसाठी खास परवाना निघाला, विम्याचीही सोय लागली, आणि १९९४ मध्ये दवाखाना सुरू झाला. मकॉनेल २०१८ मध्ये वारले. त्यांच्या नमुन्यावर अमेरिकेत इतरत्रही दवाखाने निघाले. १९९६ च्या एका संघराज्यीय कायद्याने धर्मादाय दवाखान्यांत फुकट काम करणाऱ्यांवरील दाव्यांची जोखीम सरकारने पत्करावी अशी तरतूद केली. तिला प्रत्यक्ष निधी मिळायला मात्र २००४ साल उजाडले. सरकारी यंत्रणेची चाल सगळीकडे सारखीच, असे मनात आले तर नवल नाही.

अमेरिकेतील हा अनुभव महाराष्ट्राला जसाच्या तसा लागू पडणार नाही. तेथे अडला होता तो विम्यावाचूनचा मजूर. येथे सरकारी दवाखान्याचे दार उघडे आहे, पण आत तज्ज्ञ नाही. २०२१-२२ च्या केंद्रीय ग्रामीण आरोग्य सांख्यिकीनुसार देशातील ग्रामीण भागातील सामुदायिक आरोग्य केंद्रांत शल्यविशारद, फिजिशियन, स्त्रीरोगतज्ज्ञ व बालरोगतज्ज्ञ यांची मिळून तूट गरजेच्या सुमारे ८० टक्के होती. तीस खाटांची इमारत, नवे यंत्र, आणि बाळंतिणीला जिल्ह्याच्या गावी पाठविण्याची चिठ्ठी, हे चित्र तालुक्याच्या गावी राहणाऱ्या कोणालाही अपरिचित नाही. त्याच तालुक्यात वा शेजारच्या शहरात तोच विषय तीस वर्षे केलेला निवृत्त डॉक्टर सकाळचे वर्तमानपत्र दोनदा वाचून काढीत असतो.

त्याने रात्री-बेरात्री शस्त्रक्रिया करावी असे कोणी म्हणणार नाही, आणि म्हणूही नये. हात थरथरतो, डोळा मंदावतो, औषधे बदललेली असतात. वय झाले म्हणजे कौशल्य शाबूत राहिलेच असे नाही, हे वैद्यकालाच अधिक ठाऊक. परंतु शस्त्राचा हात आणि निदानाची नजर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भारतातील देवीचा शेवटचा स्थानिक रुग्ण १९७५ चा, पोलिओचा जानेवारी २०११ चा. घटसर्प, धनुर्वात, गोवरानंतरचा न्यूमोनिया यांनी भरलेले वॉर्ड ज्यांनी पाहिले ती पिढी आज सत्तरीच्या पुढे आहे. तरुण डॉक्टरांनी यांतले पुष्कळसे केवळ पुस्तकात वाचले. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीच्या वस्त्यांत गोवराने बालके दगावू लागली, तेव्हा तापल्या पोराच्या गालाच्या आतले पांढरे ठिपके पुरळ उठण्यापूर्वीच ओळखणारा म्हातारा बालरोगतज्ज्ञ लाखमोलाचा होता. अशा माणसाला बाह्यरुग्ण विभागात आठवड्यातून दोन सकाळी, शेजारी एक शिकाऊ डॉक्टर देऊन बसविणे, याला नवी इमारत लागत नाही.

सरकारला हे अजिबात सुचलेले नाही असे नव्हे. केंद्रीय सेवेतील डॉक्टरांचे निवृत्तीचे वय २०१६ मध्ये ६५ करण्यात आले आणि बासष्टीनंतर त्यांनी प्रशासकीय खुर्ची सोडून रुग्णसेवेत व अध्यापनात राहावे, असे २०१८ मध्ये ठरले. निर्णय शहाणपणाचा, मात्र तो नोकरीत असलेल्यांपुरता. नोकरीबाहेरच्यांसाठी २०१६ मध्येच गर्भवतींच्या तपासणीची जी मातृत्व मोहीम सुरू झाली, तिच्यात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रात येऊन विनामूल्य तपासणी करण्यास बाहेरच्या डॉक्टरांना निमंत्रण आहे. महिन्यातून एक सकाळ, ठरलेली तारीख, ठरलेले काम. स्वेच्छासेवेला असाच काठ लागतो. 'केव्हाही या' म्हटले की कोणी येत नाही.

राहता राहिला हिल्टन हेडचाच प्रश्न: परवाना आणि जोखीम. महाराष्ट्रात वैद्यकीय नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. व्यवसाय बंद केलेला डॉक्टर ते करण्याच्या भानगडीत पडेलच असे नाही, आणि नोंदणी नाही म्हणजे साधा ताप तपासण्याचाही अधिकार नाही. जेथे सर्वांनाच विनामूल्य सेवा दिली जाते, तेथील सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेबाहेर असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला; तरी दिवाणी दावा आणि फौजदारी फिर्याद यांची टांगती तलवार राहतेच. ज्येष्ठांसाठी बिनशुल्क, मर्यादित कामापुरती नोंदणी आणि सरकारी रुग्णालयाच्या छत्राखाली विम्याचे संरक्षण, एवढ्या दोन गोष्टींसाठी डॉक्टरांच्या संघटनांनी मंत्रालयाचे जिने चढावयास हवेत. मकॉनेल यांनी विधिमंडळाचे दार ठोठावले तेव्हा ते स्वतः पासष्टी ओलांडलेले निवृत्त गृहस्थ होते.